मद्यमुक्तीच्या सभेची वाट

दारू सोडण्याचा निश्चय मद्यासक्त माणूस अनेकदा करतो. देवासमोर करतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून करतो, आणि बहुधा मनापासून करतो. तो निश्चय एकट्याने पाळणे मात्र त्याला साधत नाही. मद्यमुक्तीच्या सभा या अनुभवातूनच निर्माण झाल्या.

१९३५ साली न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे गृहस्थ व्यापाराच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, आणि परक्या गावी, हॉटेलात एकटे असताना जुनी ओढ जागी झाली. तेव्हा मद्यगृहाकडे न वळता त्यांनी टेलिफोन उचलला आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यासक्ताचा शोध चालविला. त्यातून त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्यांशी पडली. विल्सन यांनी त्यांना उपदेश केला नाही. आपली हकिगत तेवढी सांगितली. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे कार्य १९५७ साली सुरू झाले.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाला अशा सभेस जावेसे वाटले, तर पहिला अडसर अंतराचा नसतो, लाजेचा असतो. शिंदेशाहीपासून या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नातीगोती आणि ओळखीपाळखी दाट आहेत. कोणी पाहिले तर काय, हा प्रश्न त्याला उंबरठ्यावरच अडवितो. त्याचे उत्तर संघटनेच्या नावातच आहे. सभेत आडनाव, हुद्दा वा पत्ता विचारला जात नाही, आणि तेथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही असा दंडक आहे. शिवाय तेथे कोणी ओळखीचे भेटलेच, तर तेही बहुधा त्याच दुखण्यासाठी आलेले असते.

सभेचा ठावठिकाणा संघटनेच्या मुंबईतील मध्यवर्ती कार्यालयाकडून वा तिच्या संकेतस्थळावरून मिळतो. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनीवर व्यसनमुक्तीविषयी सल्ला मिळतो. सभांच्या जागा व वेळा बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. सभा कोणत्या वारी व किती वाजता, कोणत्या भाषेत, आणि ती खुली की बंद, एवढे विचारले म्हणजे पुरे. खुल्या सभेस कोणासही बसता येते. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. २०२० च्या महामारीपासून इंटरनेटवरील सभाही रूढ झाल्या आहेत. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्यास आपले दुःख ज्या भाषेत मोकळेपणी सांगता येईल, ती सभा त्यामुळे दूरच्या गावची असली तरी निवडता येते.

सभा साधारणतः तास-दीड तास चालते. आरंभी काही वाचन होते. मग एकेक जण आपले नाव सांगून, मद्यपी असल्याचे कबूल करून, आपला अनुभव कथन करतो. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही की सल्ला देत नाही. नवागताने नुसते ऐकले तरी चालते. शुल्क नाही, खर्चापुरती ऐच्छिक वर्गणी सभासदच देतात. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही. आजचा दिवस दारूवाचून काढावयाचा, एवढेच ठरते. एका सभेवरून मत बनवू नये. चार-सहा सभांना जाऊन पाहावे, आणि एखाद्या जुन्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. ओढ लागेल त्या रात्री तोच उपयोगी पडतो.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास कंप, झटके, भ्रम उद्भवू शकतात. क्वचित प्राणावरही बेतते. अशा माणसाने प्रथम डॉक्टरांस भेटावे. सभा ही रुग्णालयाची जागा घेत नाही. उपचारानंतर घरी परतलेल्याला टिकवून धरणे हे तिचे खरे काम. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १०,५६५ व्यक्तींचा समावेश होता. अखंड मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत या मार्गाकडे पद्धतशीरपणे वळविलेल्या रुग्णांना अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक यश आल्याचे त्यात आढळले.

घरच्या माणसांचाही विचार झाला आहे. त्यांच्यासाठी ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ साली निघाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. पती सभेला जावयास तयार नसला, तरी पत्नीला आपल्यापुरता आधार शोधता येतो. बाटल्या लपविण्यात आणि शेजाऱ्यांपाशी सबबी सांगण्यात गेलेले तिचे आयुष्य त्यामुळे थोडे तरी मोकळे होते.

मध्येच पाय घसरला म्हणून सभेचे दार बंद होत नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. आणि ती पुन्हा घसरलेल्या माणसापाशीही असते. म्हणून घसरल्यानंतरची पहिली सभा चुकवू नये. त्या दिवशी जावयास सर्वांत लाज वाटते, आणि जाण्याची गरजही त्याच दिवशी सर्वांत अधिक असते.