गाविलगडचं मेडल आणि डब्लिनचा माणूस

आज मेडलबद्दल बोलू. ऑलिम्पिकचं नाही, लढाईचं. आयर्लंडशी नातं सांगणारी जुनी पदकं जमवणारे लोक जगभर आहेत. आता म्हणाल, धारणीत बसून आयर्लंड कुठून काढलं भाऊ? तर चिखलदऱ्याहून.

15 डिसेंबर 1803 ला गाविलगड पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे ज्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच. जन्म डब्लिनचा. त्याआधी 29 नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावची लढाई झाली होती. गडाचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला, आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. डब्लिनच्या फीनिक्स पार्कात वेलस्लीचा 62 मीटर उंच स्तंभ आहे. त्यावर भारतातल्या लढायांचं ब्राँझचं शिल्पही आहे.

या लढायांचं मेडल निघालं 1851 मध्ये. 48 वर्षांनी! नाव 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. चांदीचं, फिकट निळी फीत, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया. वर लढाईच्या नावाची आडवी पट्टी. अशा एकूण 21 पट्ट्या, त्यांत 'अरगाउम' आणि 'गाविलघुर' म्हणजे आपलं अडगाव आणि गाविलगड. मिळालं मात्र तेव्हा जिवंत असलेल्यांनाच. गडावर चढताना विशीत असलेला शिपाई तोवर अडुसष्टचा झालेला. त्यातही नोकरी सोडून गावी गेलेल्या देशी शिपायापर्यंत ही बातमी पोहोचणार कशी? म्हणून या पट्ट्या दुर्मिळ. माझ्या मते जे मेडल कधी दिलंच गेलं नाही, त्याचीही गोष्ट तेवढीच मोठी आहे.

आता कामाचं. अशा मेडलची किंमत चांदीत नसते, कडेत असते. कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते, ती जुन्या यादीशी जुळवतात. नाव आयरिश असलं की तिकडचा संग्राहक लगेच सरसावतो. त्यामुळे फसवणूकही तिथंच. जुनं नाव घासून नवं कोरतात, मग मेडलचा व्यास थोडा कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपर घ्या, चार ठिकाणी मोजा. एका मेडलची पट्टी काढून दुसऱ्यालाही लावतात, तेव्हा रिव्हेट नीट पाहा. आणि प्लीज, चिंच लावून घासू नका! जुना काळपटपणा गेला की निम्मी ओळख गेली.

घरात आजीच्या डब्यात असं काही निघालं तर सोनाराकडे मोडीत देण्याआधी दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, दाखवता येतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ऑनलाइन विकून परदेशी पाठवायचा विचार असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, गुपचूप कुरियर करू नका. जमिनीत काही सापडलं तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. आणि मेटल डिटेक्टर घेऊन गाविलगडावर जायची आयडिया ज्यांच्या डोक्यात आली असेल, त्यांनी ती इथंच सोडावी. किल्ला संरक्षित आहे, आणि भोवतालच्या जंगलात वाघ आहेत.