कोवळ्या खांद्यावरचे ओझे

२७ जून १९७३ ची सायंकाळ. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, आर्लिंग्टन येथील क्रीडांगणावर बेसबॉलचा सामना सुरू होण्याची वेळ टळून गेली, तरी खेळ सुरू होईना. पाऊस नव्हता, की कोणी खेळाडू आजारी नव्हता. क्रीडांगणाकडे येणारे रस्ते मोटारींनी तुंबले होते आणि लोक आत येईपर्यंत थोडे थांबावे, असे ठरले होते. टेक्सास रेंजर्स या संघाचे सामने एरवी बहुतांशी रिकाम्या बाकांपुढे चालत. त्या रात्री मात्र ३५ हजारांहून अधिक प्रेक्षक तेथे दाटीवाटीने बसले. हे सारे लोक ज्याला पाहण्यासाठी लोटले होते, तो डेव्हिड क्लाइड अवघ्या १८ वर्षांचा होता. शाळेच्या संघातून अखेरचा सामना खेळून त्याला महिनाही झाला नव्हता.

आपल्याकडील पुष्कळ वाचकांना बेसबॉल हा खेळ परका वाटेल. म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे जे महत्त्व, त्याहूनही अधिक महत्त्व या खेळात चेंडू टाकणाऱ्याला असते. त्याला ‘पिचर’ म्हणतात. मातीच्या एका बुटक्या उंचवट्यावर उभा राहून, धावत न येता, तो ६० फूट ६ इंचांवरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही. फलंदाजासमोर, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत, १७ इंच रुंदीची एक चौकट आहे अशी कल्पना केलेली असते, आणि चेंडू त्या चौकटीतून जावा लागतो. असे तीन चेंडू फलंदाजाच्या हातून निसटले की तो बाद. उलट, चार चेंडू चौकटीबाहेर गेले, तर फलंदाज बॅट न उचलताच पहिल्या तळावर चालत जातो. म्हणून पिचरच्या अंगी नुसता वेग असून भागत नाही. त्या वेगाला लगाम असावा लागतो.

हा लगाम शाळेच्या मैदानावर क्वचितच हाती येतो. तो यावा यासाठी तेथील मोठ्या संघांनी आपापले दुय्यम संघ पोसलेले असतात. आपल्याकडील खेळाडू रणजी सामने खेळत कसोटीपर्यंत पोचतो, तसा तेथील होतकरू तरुण दोन-चार वर्षे लहान गावांतून, थोड्या प्रेक्षकांपुढे, चुका करीत आणि त्या सुधारीत वर चढतो. डेव्हिड क्लाइडला ही शिडी चढू दिली गेली नाही. त्याला उचलून थेट गच्चीवर उभे करण्यात आले.

अठरा विजय, पराभव एकही नाही

डेव्हिड ह्यूस्टन शहरातील एका शाळेत शिकत होता. डावखुरा, अंगाने बळकट आणि हाताने विलक्षण वेगवान. शाळेतील शेवटच्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले. हरला एकही नाही. नऊ डावांच्या पूर्ण सामन्यात सरासरी किती धावा दिल्या, यावरून पिचरची योग्यता मोजण्याची तेथे पद्धत आहे. चांगल्या व्यावसायिक खेळाडूचा हा आकडा तीनच्या आसपास असतो. डेव्हिडचा त्या वर्षीचा आकडा होता ०.१८!

अमेरिकेत दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, आणि आदल्या वर्षी दुबळे ठरलेले संघ या निवडीत पुढे असतात. १९७३ च्या निवडीत पहिला क्रमांक रेंजर्सचा होता. त्यांनी डेव्हिडला निवडले. त्याच निवडीत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर घेतले गेलेले रॉबिन याउंट आणि डेव्ह विनफिल्ड हे दोघे पुढे बेसबॉलच्या सन्मानमंदिरात जाऊन बसले. त्या दोघांच्याही आधी ज्याचे नाव पुकारले गेले, त्याच्याविषयी लोकांनी कोणती स्वप्ने रचली असतील, याची यावरून कल्पना करावी.

संघाची स्थिती मात्र बिकट होती. तो वॉशिंग्टनहून टेक्सासला येऊन दुसरेच वर्ष चालू होते. १९७२ मध्ये त्याने १०० सामने गमावले होते. प्रेक्षक फिरकत नव्हते आणि मालक बॉब शॉर्ट पैशाच्या विवंचनेत होते. टेक्सासच्याच मातीतील हा मुलगा आपल्या मैदानावर खेळला, तर लोक तिकिटे काढतील, असा त्यांचा हिशोब होता. ठरले असे की, डेव्हिडने घरच्या मैदानावर दोन सामने खेळावेत आणि मग शिक्षणासाठी दुय्यम संघात जावे.

पहिल्या रात्री तो उंचवट्यावर गेला तेव्हा त्याच्या अंगावर ३२ क्रमांकाचा सदरा होता. तो क्रमांक त्याचे आराध्य दैवत असलेल्या सँडी कूफॅक्सचा. पहिल्या दोन फलंदाजांना त्याने चार-चार चेंडू चौकटीबाहेर टाकून फुकट तळावर धाडले. प्रेक्षकांनी श्वास रोखला. मग त्याने लागोपाठ तिघांना बाद केले, आणि सारे मैदान उठून उभे राहिले. पाच डाव टाकून तो परतला तेव्हा त्याने आठ गडी बाद केले होते आणि त्याच्या चेंडूवर प्रतिपक्षाला एकच यशस्वी फटका मारता आला होता. संघाने सामना ४–३ असा जिंकला.

त्या रात्रीच्या जल्लोषात एका आकड्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पाच डावांत त्याने सात फलंदाजांना फुकट तळ दिले होते. वेग होता, लगाम नव्हता. शिकण्यासारखे पुष्कळ उरले आहे, हे तो आकडाच सांगत होता.

मोडलेला करार

दुसऱ्या सामन्यालाही गर्दी लोटली. आता त्याला दुय्यम संघात पाठवावयाचे होते. संघाचे व्यवस्थापक व्हायटी हर्झोग यांचेही मत तसेच होते. परंतु ज्याच्या नावावर तिकीटविक्रीच्या खिडकीपुढे रांगा लागतात, त्याला दूर धाडण्यास मालकांचे मन होईना. ठरलेली गोष्ट बाजूला राहिली आणि डेव्हिड तेथेच खेळत राहिला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरे. पण ते दिसले म्हणून त्याच दिवशी कोणी मुलाला डोंगर चढावयास लावीत नाही.

पुढे जे घडले ते हळूहळू घडले. मुरलेल्या फलंदाजांनी त्याचे चेंडू ओळखण्यास सुरुवात केली. शाळेत जो वेग कोणाला दिसत नव्हता, तो या लोकांच्या परिचयाचा होता. अशा वेळी तरुण पिचर जे करतो तेच त्याने केले. तो अधिक जोर लावू लागला. चेंडूफेकीत बळ केवळ हाताचे नसते. ते पायापासून निघते, कंबर आणि पाठ यांतून वर चढते आणि अखेरीस खांद्यातून हातात उतरते. घाईने किंवा धास्तीने हा क्रम बिघडला, की चेंडू भरकटतो आणि सारा ताण खांद्यावर पडतो. हा क्रम अंगवळणी पाडण्यासाठी निवांतपणा लागतो. हजारो डोळ्यांसमोर, विजयाची सक्ती असताना, तो कोठून मिळणार?

पहिल्या वर्षी त्याने चार सामने जिंकले आणि आठ गमावले. सप्टेंबरमध्ये हर्झोग यांना काढून टाकण्यात आले. नवे व्यवस्थापक आले. पुढच्या वर्षी तीन विजय आणि नऊ पराभव अशी डेव्हिडची नोंद झाली. मधल्या काळात कित्येक आठवडे त्याला मैदानावर पाठवलेच गेले नाही. १९७५ मध्ये त्याची रवानगी दुय्यम संघात झाली. जे शिक्षण आरंभी मानाने मिळावयाचे, ते आता शिक्षेसारखे त्याच्या वाट्याला आले. पुढे खांदा दुखावला आणि १९७६ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. क्लीव्हलँडच्या संघातून १९७८ आणि १९७९ मध्ये तो पुन्हा मोठ्या मैदानावर उतरला. १९७८ मध्ये त्याने आठ सामने जिंकलेही. पण शरीराने साथ दिली नाही. वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी त्याने खेळ सोडला.

त्याच्या नावावर मोठ्या स्पर्धांतील एकूण १८ विजय आणि ३३ पराभव आहेत. शाळेतील एका वर्षात त्याने जितके सामने जिंकले होते, नेमके तितकेच.

ज्याला वेळ मिळाला

ज्या सँडी कूफॅक्सचा क्रमांक डेव्हिडने अंगावर घातला, त्याची कथा येथे आठवते. ब्रुकलिनचा हा डावखुरा तरुण १९५५ मध्ये, १९ व्या वर्षी, थेट मोठ्या संघात आला. त्याला १४ हजार डॉलर अधिदान मिळाले होते, आणि अशा खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवले पाहिजे असा त्या वेळी नियम होता. म्हणजे दुय्यम संघाची पाठशाळा त्यालाही मिळाली नाही. त्याचेही चेंडू भरकटत. बरेचसे दिवस तो नुसता बाकावर बसून असे. पहिल्या सहा वर्षांत त्याने ३६ सामने जिंकले आणि ४० गमावले. १९६० च्या अखेरीस तर निराशेने त्याने आपले खेळाचे साहित्य कचऱ्यात टाकून दिले होते. संघाच्या एका सेवकाने ते काढून जपून ठेवले म्हणून वाचले!

पुढच्या वर्षीच्या सराव सामन्यात त्याचा सहकारी नॉर्म शेरी त्याच्याजवळ गेला. इतका जोर लावू नकोस, थोडा सैल सोड, फलंदाजाला चेंडू मारू दे, एवढेच त्याने सांगितले. कूफॅक्सने ते ऐकले, आणि जोर कमी करताच चेंडू हवा तेथे पडू लागला. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले. १९६३ मध्ये २५, १९६५ मध्ये २६, १९६६ मध्ये २७. कोपराच्या संधिवातामुळे त्याने तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, तेव्हा त्याच्या पिढीतील सर्वश्रेष्ठ पिचर म्हणून त्याची ख्याती झाली होती.

क्लाइडलाही असाच वेळ मिळता तर तो दुसरा कूफॅक्स झाला असता काय? असे छातीठोकपणे कोणीही म्हणू नये. शाळेत चमकलेली सर्वच मुले पुढे चमकत नाहीत. परंतु कूफॅक्स सहा वर्षे अपयशी राहिला, तरी त्याच्या संघाने त्याला टाकून दिले नाही, आणि त्याच्या एकट्याच्या जिवावर संघाची तिजोरी भरावयाची नव्हती. डेव्हिडच्या कोवळ्या खांद्यावर मात्र पहिल्याच दिवशी एका बुडत्या धंद्याचे ओझे होते.

मैदान आपले नसले तरी प्रसंग आपल्या घरातलाच आहे. आपल्याकडे आंबे अढीत घातले, म्हणजे मुले दिवसातून दहादा पेंढा उकलून पाहतात आणि वडील माणसे त्यांना रागावतात. मुलाच्या अंगी गायन, गणित वा खेळ यांतील गुण दिसू लागला, की तीच वडील माणसे पेंढा उकलण्याची घाई करतात. स्पर्धा, बक्षिसे, शेजाऱ्यांपुढे प्रदर्शन यांना ऊत येतो. मूल एकदा हरले म्हणजे त्याला हरल्याचे दुःख होतेच. पण आईबापांच्या चेहऱ्यावरील निराशा त्याला अधिक जाचते. शिकण्याच्या काळात हरण्याची मोकळीक ज्याला नाही, तो अधिकाधिक जोर लावू लागतो, आणि मग एक दिवस खांदा जातो. अशा वेळी घरातील कोणीतरी नॉर्म शेरी व्हावे आणि थोडे सैल सोड असे म्हणावे.

डेव्हिड क्लाइड पुढे सासऱ्यांच्या लाकडाच्या व्यवसायात शिरला आणि तेथे त्याने सुमारे वीस वर्षे काम केले. त्या काळी खेळाडूला निवृत्तिवेतनासाठी मोठ्या संघातील चार वर्षांची नोंद आवश्यक असे. त्याची नोंद ३७ दिवसांनी कमी भरली. १९८० मध्ये हा नियम बदलला आणि केवळ ४३ दिवस पुरेसे ठरले. पण आधी खेळून गेलेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. २०११ मध्ये त्यांच्यासाठी वार्षिक साहाय्याची काही सोय झाली, तरी ते पूर्ण निवृत्तिवेतन नव्हे. आपल्यासारख्याच इतर जुन्या खेळाडूंसाठी क्लाइड त्यानंतरही दाद मागत राहिला. ज्या रात्री ३५ हजार लोक त्याच्यासाठी जमले होते, त्या रात्री त्याच्याकरिता कोणी थोडी सबुरी मागितली असती, तर बरे झाले असते.