गोष्टीची पेटी आणि बधिरांध मुलांची साक्षरता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही शक्ती एकाच वेळी इतक्या क्षीण असणे, की केवळ अंधांसाठी किंवा केवळ कर्णबधिरांसाठी आखलेले शिक्षण अपुरे पडते, या अवस्थेस बधिरांधत्व म्हणतात. अशा मुलांना वाचनाकडे नेणारे एक साधन म्हणजे गोष्टीची पेटी, म्हणजेच एखाद्या गोष्टीतील वस्तू घटनाक्रमाने हाताळता याव्यात म्हणून एकत्र ठेवलेला संच. साधन साधे असले, तरी त्याविषयीचे काही समज तपासून घेणे आवश्यक आहे.

गैरसमज : बधिरांध मुलाला काहीच दिसत वा ऐकू येत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक बधिरांध मुलांमध्ये थोडी दृष्टी, थोडे श्रवण किंवा दोन्ही शिल्लक असते, त्यामुळे वस्तू निवडताना स्पर्शाबरोबरच ठळक रंग, गंध आणि कंप यांचाही विचार करावा लागतो आणि ही निवड मुलागणिक बदलते.

गैरसमज : ब्रेल अक्षरे आल्यावरच साक्षरता सुरू होते.

वस्तुस्थिती : अक्षराला अर्थ चिकटतो तो आधी हाताळलेल्या अनुभवामुळे. 1837 मध्ये बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत आलेल्या बधिरांध लॉरा ब्रिजमनला संस्थेचे संचालक डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा परिचित वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून शब्द शिकवले. आणि 1887 मध्ये बधिरांध हेलन केलरला पाणी हा शब्द उमगला, तो एका हातावर पाण्याची धार पडत असताना दुसऱ्या हातावर तिच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांनी त्याची अक्षरे बोटांनी लिहिली तेव्हा.

गैरसमज : खेळण्यातल्या प्रतिकृती पुरेशा असतात.

वस्तुस्थिती : प्लास्टिकच्या वाघाचे खऱ्या वाघाशी असलेले साम्य डोळ्यांना कळते, बोटांना नाही. म्हणून पहिली गोष्ट मुलाच्या स्वतःच्या दिनक्रमातली असावी. उदाहरणार्थ, भाकरीच्या गोष्टीत ज्वारीचे पीठ, परात, थंड तवा आणि ताजी भाकरी या घरच्याच वस्तू असाव्यात. न अनुभवलेल्या जगाच्या गोष्टी नंतर, अनुभवाचा साठा वाढेल तशा याव्यात.

गैरसमज : मुलाचा हात धरून तो वस्तूवर ठेवणे, हीच योग्य रीत आहे.

वस्तुस्थिती : ज्या मुलाचे हात हेच मुख्य ज्ञानेंद्रिय आहे, त्याचा हात ओढणे म्हणजे त्याची निरीक्षणाची मुभा काढून घेणे होय. शिक्षकाने स्वतःचा हात मुलाच्या हाताखाली ठेवून वस्तूकडे न्यावा, म्हणजे काय चालले आहे ते मुलाला जाणवते आणि हवे तेव्हा हात मागे घेण्याचे स्वातंत्र्यही त्याच्याकडे राहते.

गैरसमज : हा खेळ आहे, वाचन नव्हे.

वस्तुस्थिती : वस्तू ठरलेल्या क्रमाने काढणे, प्रत्येकीसोबत तेच छोटे वाक्य स्पर्शखुणांनी सांगणे व ब्रेलमध्ये हाताखाली देणे, संपलेली वस्तू वेगळ्या डब्यात ठेवणे, यांतून आरंभ, क्रम आणि शेवट यांची जाण घडते. मूल पुढची वस्तू आपणहून शोधू लागते किंवा स्वतःच्या दिवसाच्या वस्तू मांडून दाखवते, तेव्हा ते वाचक आणि कथनकर्ताही होत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याचे कलम 16 अंध, कर्णबधिर किंवा दोन्ही असलेल्यांना सर्वांत योग्य भाषेत व संवादमार्गाने शिक्षण देण्याचे कर्तव्य सांगते, आणि ज्या मुलाचा संवादमार्ग स्पर्श आहे, त्याच्यासाठी अशी पेटी त्या कर्तव्याचाच भाग मानली पाहिजे.