सौरवाताचे तापमान किती?

आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात ऐन गर्दीत तुम्हाला धावता येईल काय? नाही. पावलोपावली धक्के बसतात. धावणारा मंदावतो, थांबलेला पुढे ढकलला जातो. गावाबाहेरच्या माळावर मात्र ज्याची त्याची चाल.

वायूतील कणांचेही असेच आहे. खोलीतील हवेचा प्रत्येक रेणू सेकंदाला अब्जावधी टकरा घेतो. या टकरांतून ऊर्जेची वाटणी होते, म्हणूनच खोलीतील हवेला एक तापमान असते. यालाच ऊष्मीय समतोल म्हणतात. गरम चहात ठेवलेल्या चमच्याचा दांडा तापतो, तोही उष्णता टकरांमधून पुढे पुढे सरकल्यामुळे.

आता सूर्याकडे वळू. त्याच्या प्रभामंडलाचे तापमान १० ते २० लाख अंश असते. तेथून इलेक्ट्रॉन व प्रोटॉन सतत बाहेर पडतात. हाच सौरवात. १९५८ साली युजीन पार्कर यांनी त्याचे भाकीत केले होते. पृथ्वीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. पण एका घन सेंटिमीटरात प्रोटॉन असतात अवघे पाचच्या आसपास! म्हणजे अगदी मोकळा माळ. येथे कण दोन टकरांच्या दरम्यान कोट्यवधी किलोमीटर जातो.

मग ऊर्जेची वाटणी कशी व्हावी? ती पुरती होतच नाही. एकाच ठिकाणी इलेक्ट्रॉनांचे तापमान वेगळे, प्रोटॉनांचे वेगळे. शिवाय इलेक्ट्रॉनाचा वेग दुप्पट झाला, तर टकरीवाचून तो सोळापट अंतर कापतो. असे चपळ इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांच्या वाटेने प्रभामंडलाची उष्णता थेट दूरवर नेतात. चमच्याचा नियम येथे लागू पडत नाही. हा ओघ फार वाढला, की आयनद्रायूत लाटा उठतात आणि त्याच इलेक्ट्रॉनांना विखरून आवर घालतात.

लाखभर अंशांच्या या वाऱ्यात यान का वितळत नाही, हेही आता कळेल. प्रत्येक कण ऊर्जावान, पण कण फारच थोडे. त्यांच्याकडून यानाला मिळणारी उष्णता नगण्य.

म्हणून सौरवात केवळ सूत्राने कळत नाही, तो प्रत्यक्ष मोजावा लागतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोहोचले. त्यावरील 'ॲस्पेक्स' व 'पापा' ही उपकरणे या कणांची ऊर्जा व दिशा मोजण्यासाठीच आहेत.

जाता जाता एक गणित : सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. तेथून निघालेला सौरवात आपल्यापर्यंत किती दिवसांत येईल?