घरच्या घरी कार्यालयीन संगणक-शिक्षण : माफक खर्चाची निवड

ग्रामपंचायतीचे इतिवृत्त, दूध सोसायटीचा हिशेब, शाळेचे निकालपत्रक आणि मामलेदार कार्यालयातील पत्रव्यवहार ही कामे एके काळी टंकलेखन यंत्र, कार्बन कागद आणि जाडजूड खतावण्या यांच्या साहाय्याने चालत असत. आज ती बहुतांशी संगणकावर होतात. साहजिकच लिपिक, हिशेबनीस यांसारख्या पदांच्या जाहिरातींत संगणकाचे ज्ञान आणि टंकलेखनाचा वेग या नेहमीच्या अटी झाल्या आहेत. प्रशिक्षण वर्गात मिळालेले धडे सरावावाचून टिकत नाहीत आणि सरावासाठी घरी यंत्र असणे इष्ट, असा विचार अनेक पालक करू लागले आहेत.

हा विचार स्तुत्य असला, तरी खरेदीच्या वेळी पुष्कळदा फसगत होते. सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने संगणकाची खरेदी म्हणजे काजूच्या हंगामाची शिल्लक किंवा चतुर्थीच्या खर्चातून वाचवलेली रक्कम असते. अशा वेळी "सर्वांत चांगला संगणक कोणता?" हा प्रश्न दुकानदाराला विचारला, तर उत्तर बहुधा महागड्या यंत्राचेच मिळते. "कोणत्या कामासाठी?" हा प्रश्न ग्राहकाने आधी स्वतःला विचारला, तर खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो.

शिकावयाचे काय?

कार्यालयीन कामकाजासाठी लागणाऱ्या आज्ञावलींचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे, तीन मुख्य भाग आहेत. पहिला मजकूर लिहिण्याचा. पत्र, अर्ज, टिपणी व अहवाल यांची मांडणी त्यात शिकावयाची असते. दुसरा तक्त्यांचा. बेरीज, टक्केवारी, क्रमवारी आणि आलेख त्याद्वारे करता येतात. तिसरा भाग सभेत किंवा वर्गात पडद्यावर दाखवावयाच्या मांडणीचा. यांच्या जोडीला ई-मेल पाठविणे आणि कागदपत्र पीडीएफ स्वरूपात जतन करणे एवढे आले, की कार्यालयातील नित्याच्या कामाचा पाया पक्का होतो.

या कामांना संगणकाची फारच थोडी शक्ती पुरते. शंभर सभासदांच्या सोसायटीचा वर्षभराचा दुधाचा हिशेब दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही विनासायास करते. जलद प्रोसेसर आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड यांची गरज प्रामुख्याने चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकी आराखडे किंवा मोठे खेळ यांसाठी लागते. पत्र आणि ताळेबंद शिकणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

हात आणि डोळे यांचा विचार आधी

शिकणाऱ्याचा सारा वेळ कळफलक आणि पडदा यांच्या सहवासात जातो. म्हणून खर्च करावयाचाच, तर तो प्रथम या दोन वस्तूंवर करावा. कळफलक पूर्ण आकाराचा असावा आणि त्याच्या उजव्या बाजूस अंकांचा स्वतंत्र गट असावा. हिशेबाचे आकडे भरण्याचा वेग त्यामुळेच वाढतो. पडदा साधारण १९ इंचांचा असल्यास तक्त्याचे रकाने डोळ्यांना ताण न देता वाचता येतात.

मोबाइलवरच हे सारे शिकता येणार नाही काय, असा प्रश्न काही जण विचारतात. मोबाइलवर पत्र वाचता येते व किरकोळ दुरुस्तीही करता येते. परंतु दहा बोटांनी टंकलेखन करणे, रुंद तक्ता हाताळणे आणि पानाची मांडणी करणे यांचा सराव त्यावर नीट होत नाही. ज्यांना तूर्त काहीच खरेदी करणे शक्य नाही, त्यांनी मोबाइलला जोडता येणारा कळफलक घेऊन टंकलेखनाचा आरंभ करावा. पुढे संगणक घेतल्यावर बोटांना लागलेली सवय उपयोगी पडते.

यंत्राची निवड

नवा लॅपटॉप, नवा टेबलावरचा संगणक आणि दुरुस्त करून विकलेला जुना संगणक असे तीन पर्याय सामान्यतः उपलब्ध असतात. लॅपटॉप सोबत नेता येतो आणि वीज गेली तरी काही वेळ चालतो. मात्र त्याची दुरुस्ती महाग पडते व त्याचा लहान पडदा दीर्घ सरावास सोयीचा नसतो. ज्या विद्यार्थ्यास तो रोज महाविद्यालयात न्यावयाचा आहे, त्याने लॅपटॉप घ्यावा. केवळ घरी शिकावयाचे असल्यास टेबलावरचा संगणक अधिक किफायतशीर ठरतो.

बँका व मोठ्या कंपन्या काही वर्षांच्या वापरानंतर आपले संगणक बदलतात. ते तपासून व साफ करून पुन्हा विक्रीस येतात. कार्यालयीन कामासाठीच बनविलेली ही यंत्रे मजबूत असतात आणि नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी किमतीत सहसा मिळू शकतात. घेताना ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी असावी, असे धोरण ठेवावे. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेला साठवणीचा भाग. जुन्या यंत्रात तो बसविला, की संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ लक्षात येण्याइतका कमी होतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती जगभर वाढल्या. त्यामुळे मेमरी नंतर वाढवू असे म्हणण्यापेक्षा ती आधीच बसविलेले यंत्र घेणे श्रेयस्कर होय.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ही पिढी ओळखणे कठीण नाही. यंत्रावर 'आय५-८५००' असे लिहिले असेल, तर आडव्या रेघेनंतरचा ८ हा अंक आठवी पिढी दर्शवितो. 'आय५-४५७०' असे असेल, तर ते चौथ्या पिढीचे यंत्र होय. असे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नसले, तरी ते टाकाऊ नाही. लिनक्स मिंट यांसारखी विनामूल्य प्रणाली त्यावर व्यवस्थित चालते.

खरेदीपूर्वी तपासणी

जुना संगणक घेताना पुढील गोष्टी डोळ्यांदेखत तपासून घ्याव्यात.

(१) यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवावे. मध्येच बंद पडते काय किंवा पंख्याचा असाधारण आवाज येतो काय, हे पाहावे.

(२) मेमरी, एसएसडी आणि प्रोसेसर यांची माहिती पडद्यावर पाहून पावतीवरील नोंदीशी ताडावी.

(३) सर्व जोडणीच्या जागा पेन ड्राइव्ह लावून पाहाव्यात.

(४) जुना लॅपटॉप असल्यास तो विजेशिवाय किती वेळ चालतो, हे पाहावे. नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

(५) रीतसर पावती आणि लेखी हमी घ्यावी. हमीचा काळ तोंडी सांगितला असल्यास तो कागदावर लिहून मागण्यास संकोच करू नये.

आज्ञावली विनामूल्य मिळतात

पैसे वाचविण्यासाठी चोरीच्या प्रती बसविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर घातक आज्ञावली यंत्रात शिरून कागदपत्रे आणि बँकेच्या व्यवहाराची गुप्त माहिती धोक्यात येऊ शकते. विशेष म्हणजे तसे करण्याची गरजच नाही. २०१० साली सुरू झालेली लिबर-ऑफिस ही आज्ञावली घरी, शाळेत व कार्यालयातही विनामूल्य वापरता येते. मजकूर, तक्ते आणि सादरीकरण हे तिन्ही भाग तिच्यात आहेत. तिचे पर्याय मराठीतूनही पाहता येतात. विंडोज व लिनक्स या दोन्हींवर ती चालते, आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटवाचूनही उपयोगात आणता येते.

परीक्षेत किंवा नोकरीत मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल वापरावे लागेल, मग दुसरे शिकून काय उपयोग, ही शंका रास्त आहे. बेरजेचे सूत्र, अट घालण्याचे सूत्र, क्रमवारी लावणे, परिच्छेदाची मांडणी ही मूळ तत्त्वे दोन्हींत सारखीच आहेत. फरक मुख्यतः बटणांच्या जागांचा आहे. तो अंगवळणी पडावा म्हणून वर्ड आणि एक्सेल यांच्या इंटरनेटवरील विनामूल्य आवृत्तींवर अधूनमधून सराव करावा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडणे पुरेसे असते.

मराठी टंकलेखन

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यान्वये कोकणी ही राजभाषा असून शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. तेव्हा देवनागरी टंकलेखन हे शिक्षणाचे आवश्यक अंग मानावे. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच संच नसल्यास अगम्य चिन्हांच्या रूपात दिसतो. युनिकोड पद्धतीत ही अडचण येत नाही. म्हणून आरंभापासून युनिकोडमध्येच लिहावे.

कळफलकाची रचना निवडताना इनस्क्रिप्टला अग्रक्रम द्यावा. भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित झालेल्या या रचनेत स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. विंडोज व लिनक्स यांत ती अंतर्भूत असल्याने वेगळा खर्च येत नाही. एकाच सरावाने मराठी, कोकणी आणि हिंदी या तिन्ही भाषांचे लेखन साध्य होते, हा मोठाच लाभ होय.

वीज आणि पावसाळा

पडद्यासह जुना संगणक साधारण १०० वॉट वीज घेतो असे धरल्यास, रोज दोन तासांच्या वापरास महिन्याला ६ युनिट लागतील. हा भार फारसा नाही. परंतु वीज अकस्मात गेल्यास लिहिलेला मजकूर नाहीसा होतो. लहान यूपीएस असल्यास काम जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतका अवधी मिळतो. पावसाच्या आधी व परतीच्या पावसात गडगडाट सुरू होताच विजेची आणि इंटरनेटची अशा दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. कोंकण किनाऱ्याच्या दमट हवेत यंत्र भिंतीला चिकटवून किंवा ओल येणाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. पावसाळ्यात ते वापराविना महिनोन्महिने झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालविणे हितावह असते.

खर्चाचा क्रम

प्रथम यंत्र, पडदा व कळफलक, त्यानंतर यूपीएस आणि मग प्रतींसाठी एक पेन ड्राइव्ह असा क्रम असावा. प्रिंटर आरंभी घेऊच नये. शाईचा प्रिंटर क्वचित वापरल्यास शाई वाळून बिघडतो. महिन्याकाठी चार पाने छापावयाची असल्यास ती पीडीएफ करून गावातील दुकानात छापून घेणे स्वस्त पडते. सणासुदीच्या जाहिरातींतील सुलभ हप्त्यांना भुलण्यापूर्वी सर्व हप्त्यांची बेरीज करून ती रोख किमतीशी ताडून पाहावी. दोन शेजारी कुटुंबांनी मिळून एक संगणक घेतला आणि मुलांच्या वेळा ठरवून दिल्या, तरी शिक्षणात उणीव येत नाही.

यंत्र घरी आले म्हणजे शिक्षण झाले असे नाही. रोज एक तास टंकलेखन आणि एक छोटे प्रत्यक्ष काम हा नियम पाळावा. घराचा मासिक खर्च तक्त्यात मांडणे, बचत गटाची वर्गणी नोंदविणे, पंचायतीस द्यावयाचा अर्ज स्वतः लिहिणे ही कामे सरावासाठी उत्तम होत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशी कामे नेमून द्यावीत आणि पालकांनी खरेदीपूर्वी शाळेतील संगणक-शिक्षकांचा सल्ला घ्यावा. बेताच्या खर्चात घेतलेल्या यंत्रावर असा सराव सहा महिने नियमाने चालला, तर नोकरीच्या अर्जात संगणक-ज्ञानाचा रकाना भरताना उमेदवाराला बिचकण्याचे कारण राहणार नाही.