पाय, पाणी आणि पंधरा मिलिअँपिअर

ज्याच्या तळपायांना घाम सुटतो, त्याला दुसऱ्याच्या घराचा उंबरठा जड जातो. बूट-मोजे दाराशी काढायचे आणि गुळगुळीत फरशीवर ओली पावलं उमटवत आत जायचं. लक्ष्मीची पावलंसुद्धा इतकी ठळक नसतात! आमच्याकडे ही देणगी आजोबांपासून चालत आलेली, त्यामुळे या विषयाचा नादही जुनाच.

शास्त्र चटकन उरकतो. तळपायावर घामग्रंथींची दाटी असते आणि काहींच्या मज्जातंतूंचा त्यांना कारण नसताना हुकूम सुटतो. असा घाम दोन्ही पायांना सारखाच येतो, बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो आणि झोपेत थांबतो. मोठेपणी नव्याने सुरू झाला, रात्री अंथरूण भिजू लागलं, वजन उतरू लागलं, तर मात्र थायरॉईड, साखर तपासून घ्यावी. वास घामाचा नसतो, त्यावर पोसलेल्या जंतूंचा असतो. तळव्याला बारीक खड्डे पडले असतील तर तोही जंतूंचाच प्रताप, आणि तो मलमाने बरा होतो. रोजचे उपाय साधे आहेत: बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, आज घातलेला बूट उद्या वाळू द्या, आणि रात्री पूर्ण कोरड्या तळव्यांना अ‍ॅल्युमिनिअम क्लोराईडचं द्रावण लावून सकाळी धुवा.

एवढ्याने भागलं नाही, तर माझा लाडका उपाय: पाण्यातून वीज! नाव भारदस्त आहे, आयोंटोफोरेसिस. दोन उथळ ट्रे, दोन्हींत नळाचं पाणी आणि धातूची एकेक पट्टी, वर टॉवेल, त्यावर एकेक पाऊल. मग 15 ते 20 मिलिअँपिअरचा प्रवाह, वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. काही आठवड्यांत घाम ओसरला की अधूनमधून उजळणी. ग्रंथी जळत नाहीत. घाम नेमका कशाने थांबतो यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. इचिहाशी यांनी 1936 मध्ये पाण्यात औषधं घालून हा प्रयोग केला होता. 1952 मध्ये बाउमन आणि लेंट्झर यांनी दाखवलं की नुसतं पाणीही पुरतं, आणि 1968 मध्ये लेव्हिट यांनी साधंसुटसुटीत यंत्र मांडलं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न मजेचा. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण त्याच्या नावाने खडे फोडतो. इथे मात्र त्यातले क्षारच वीज वाहून नेतात. हलक्या पाण्यातून प्रवाह नीट जात नाही. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की काम होतं.

दवाखान्यात एकदा शेजारच्या ताई ट्रेसमोर अडून बसल्या होत्या. पायांत धातू चालत नाही, आणि जोडवी काढायला मन घेईना. "सासूबाईंना काय सांगू?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "सांगा, वीस मिनिटांची सुट्टी घेतलीय." जोडवी पदराच्या गाठीत गेली, भेगांवर व्हॅसलीन लागलं. पाण्याच्या काठाशी कातडीला मुंग्या आल्या तशा ताई दचकल्या, मग गप्पांत रमल्या.

पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पायांत धातूची सळई बसवलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. घरी चार्जरला तारा जोडून प्रयोग तर कुणीच करू नयेत. घरगुती यंत्रं मिळतात, ती डॉक्टरांकडून शिकून वापरावीत.

बाकी बोटॉक्स आहे, पण तळव्याला सुया म्हणजे ब्रह्मांड आठवतं, आणि गुण काही महिनेच टिकतो. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. शस्त्रक्रियेने मज्जातंतू तोडला, तर घाम पाठ-पोट गाठू शकतो. म्हणून माझं मत ठाम आहे: महागड्या बुटांवर पैसे ओतण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ट्रे आहे का, ते विचारा. लाजायचं काही नाही, त्यांनी आपल्यासारखे ओले पाय पुष्कळ पाहिलेले असतात.