सकर किती वाढतो?

माशांचं पुस्तक हातात आलं की मी आधी मागची सूची उघडतो आणि सकर शोधतो. चित्रं काय, सगळ्याच पुस्तकांत देखणी असतात. कुर्ल्याच्या बाजारात बोटाएवढा सकर ‘काच साफ करतो’ म्हणून दोन फुटी टँकसाठी सर्रास विकला जातो. तोच पुढे फूटभराच्या वर जातो. हे ठसठशीत लिहिलेलं असेल तर पुस्तक पुढे चाळायचं. नुसतं ‘शांत स्वभावाचा, शेवाळ खातो’ असेल, तर तसलं दुकानदार फुकटात सांगतो.

या बाबतीत रील आणि बेन्श यांच्या जर्मन ॲटलासला तोड नाही. मूळ आवृत्ती 1982ची, इंग्रजी भाषांतर नंतरचं. प्रत्येक माशाखाली बारीक टायपात तापमान, माशाची लांबी आणि लगेच टँकची लांबी. हे दोन आकडे शेजारी वाचले की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते! जुनी शास्त्रीय नावंही तिथेच दिलेली असतात. ती लागतातच, कारण नावं बदलत राहतात. केरळच्या नद्यांतला ‘मिस केरळ’ जुन्या पुस्तकांत पुंटियस म्हणून सापडतो. 2013पासून तो सह्याद्रिया आहे.

मग नव्या टँकचं प्रकरण. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जम बसवायला साधारण महिना-दीड महिना घेतात. ‘दोन दिवस फिल्टर चालवा, मग मासे सोडा’ म्हणणारं पुस्तक जागच्या जागी ठेवून द्यावं. जुन्या पुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरच्या नावावर असतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे 1998मध्ये पुढे आलं. एवढ्यासाठी जुनं पुस्तक टाकू नये. वाट तेवढीच पाहावी लागते.

परदेशी पुस्तकं हीटरवर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो आणि गोल्डफिश वर येऊन तोंड मारू लागतात. त्यावर चार ओळी तरी हव्यात.

औषधांची पानं मात्र पेन्सिल घेऊन वाचावीत. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचारचा. पुस्तक कुठे छापलंय ते बघूनच थेंब मोजावेत.